फुंकीची सिंफनी

मरोळ गावठाणात आमच्या खिडकीसमोर एक ईस्ट इंडियन अंकल राहतात. उमेदीत लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी ट्रॉम्बोन वाजवला. अजूनही संध्याकाळी तासभर वाजवतात. मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत मी त्यांच्या दारी गेलो आणि म्हणालो, "अंकल, हा बाजा जरा बंद ठेवाल का?" त्यांनी मुकाट्याने खिडकी लावून घेतली. 'बाजा' हा माझाच शब्द मला पुढे बोचत राहिला.

कारण त्याच आठवड्यात बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराची एक सिंफनी ऐकण्यात आली. सिंफनी म्हटले की व्हायोलिनचा ताफा डोळ्यांपुढे येतो. हिच्यात मुळात एकही व्हायोलिन नव्हते! १८३० च्या क्रांतीतील हुतात्म्यांचे अवशेष १८४० साली पॅरिसच्या बास्तीय चौकातील स्तंभाखाली न्यायचे होते. उघड्या रस्त्यावर तंतुवाद्ये काय टिकणार? म्हणून सरकारच्या सांगण्यावरून त्याने ती लिहिली फुंकवाद्ये आणि ताशे-ढोलांसाठी, वादक दोनशे! (त्याच साली साथीमुळे कोंडिविट्याचे १५७९ चे चर्च सोडून मंडळी मरोळला आली. योगायोगच, दुसरे काय!) आधी शोकाची कूच, शेवटी विजयाचा जल्लोष आणि मधे मृतांसाठीचे भाषण. हे भाषण करतो कोण? एकटा ट्रॉम्बोन.

स्वारी स्वतः मिरवणुकीपुढे उलटी चालत ताल देत होती. पण चौकात शेवटचा भाग सुरू झाला आणि नॅशनल गार्डचे पन्नासेक ताशे कडाडू लागले. सूर कुणाच्या कानी पडेनात! बिचाऱ्याने हे आधीच ओळखून जाणकारांना बंद सभागृहातल्या रंगीत तालमीला बोलावले होते, म्हणून निभावले.

अंकलना चहाला बोलावून मी ते सारे ऐकवले. ट्रॉम्बोन सुरू झाला तसे त्यांनी डोळे मिटले. उजवा हात मांडीवर हलकेच पुढे-मागे सरकू लागला. ताशांची हकिकत सांगितली तेव्हा मात्र ते खो-खो हसले. "आमचं पण तसंच. चाल जरा रंगली की कोणतरी फटाक्याची माळ लावणारच!" मग कप खाली ठेवून म्हणाले, "चालता चालता फुंकायचं म्हणजे नळी ओठावर आपटते. रक्त येतं. ऐकणाऱ्याला ते नाय कळत."

मी गप्प बसलो.

दाराशी चपला घालताना त्यांनी विचारले, "पोरीची परीक्षा झाली?"

"झाली की," मी म्हणालो.

दोन पेपर बाकी होते.