मेंढरांची वाट, माणसाची धाव



कळपातले एखादे मेंढरू फुटून डोंगराला लागले, की त्याच्यामागे कसे पळावे लागते हे ज्याच्या दारात वाडगे आहे त्याला सांगायला नको. या पळण्याला आपण कष्ट म्हणतो आणि संध्याकाळी पाय चेपून घेतो. विलायतेत मात्र एक डोंगराळ मुलूख असा आहे, की तिथे हेच पळणे मानाचे ठरले. आणि त्या पळण्यात ज्याचे नाव सर्वांत मोठे झाले, तो माणूस पिढीजात मेंढपाळ होता.

हा मुलूख म्हणजे इंग्लंडच्या वायव्येचा सरोवरांचा प्रदेश, लेक डिस्ट्रिक्ट. फार पूर्वी बर्फाच्या प्रचंड थरांनी इथले डोंगर कोरून खोल दऱ्या केल्या, बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांत पाणी साठले. विंडरमिअर हे त्यांतले सर्वांत लांब तळे सुमारे सतरा किलोमीटर आहे, तर वॉस्टवॉटर सत्तर मीटरांहून खोल. स्कॉफेल पाइक हे इंग्लंडचे सर्वोच्च शिखर इथलेच. त्याची उंची ९७८ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तिच्यापुढे हे धाकटेच. पण आकड्यावर जाऊ नका. माथे उघडे, पायाखाली सुटे धोंडे, मध्येच दलदल, आणि पाऊस बारा महिने. ढग माथ्यावर बसला की दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. आपल्याकडे चार महिने सोसले की आभाळ मोकळे होते. तिथल्या शेतकऱ्याला तेवढीही उसंत नाही.

अशा जागी पीक काय येणार? म्हणून मेंढरे. हर्डविक नावाची काटक जात तिथे आहे. कोकरू जन्मते काळे, वाढत्या वयाबरोबर करडे होते. लोकर आपल्या दख्खनी मेंढीसारखी जाडीभरडी. या मेंढरांचा एक गुण मुद्दाम सांगण्याजोगा आहे. वरच्या डोंगराला कुंपण नाही, तरी प्रत्येक वाड्याचे कळप आपापल्या हद्दीतच चरतात. ती हद्द कोकरू आईबरोबर हिंडता हिंडता शिकते, आणि पुढे आपल्या कोकराला शिकवते. म्हणूनच तिथे पुष्कळदा शेत हातबदल झाले तरी कळप त्या शेताबरोबरच राहतो.

तरीही काही मेंढरे चुकतातच. कान कातरण्याची आणि रंगाची खूण पाहून कोणाचे मेंढरू कोणाचे ते ठरते. या खुणांची छापील पुस्तके तिथे दोनशे वर्षांपासून आहेत. चुकलेली मेंढरे परत करायला मेंढपाळ वर्षातून ठरलेल्या दिवशी जमत. माणसे जमली की जत्रा आलीच. कुस्तीचा फड लागे, आणि समोरच्या डोंगरमाथ्यावर जाऊन आधी खाली कोण येतो याची पैज लागे. ग्रासमिअर गावची अशी शर्यत १८६८ पासून प्रसिद्ध आहे.

यापुढची मजल मारली बॉब ग्रॅहम यांनी. केझिक गावात ते पाहुण्यांसाठी खानावळवजा घर चालवीत. १९३२ च्या जूनमध्ये त्यांनी चोवीस तासांच्या आत ४२ शिखरे पायाखाली घातली आणि निघाले तिथेच, गावातल्या जुन्या चावडीपाशी, ते परत आले. वाट सुमारे १०६ किलोमीटरांची, आणि एकूण चढ सुमारे ८,२०० मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीजवळ जाणारा! पायांत साधे कापडी बूट, खायला लोणी-पाव, उकडलेले अंडे, फळे आणि गोळ्या. हा पराक्रम पुन्हा करायला दुसरा माणूस निघाला तो १९६० साली, अठ्ठावीस वर्षांनी. आता दोन हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांनी ही फेरी पुरी केली आहे. बक्षीस नाही, पैसा नाही. शिखराशिखरावर साक्षीदार मात्र बरोबर लागतो. तो असला की मंडळाच्या वहीत नाव चढते.

आता आपल्या मेंढपाळाकडे वळू. जॉस नेलर यांचा जन्म १९३६ साली वॉझडेल खोऱ्यात झाला. लहानपणीच पाठ दुखावली. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, नंतर पाठीच्या मणक्यांमधल्या दोन चकत्या काढाव्या लागल्या. लष्कराच्या सक्तीच्या नोकरीलाही त्यांना नालायक ठरवले होते. घरी मात्र कोणी रजा दिली नाही. मेंढरे राखायची होती, कोसळलेले दगडी बांध पुन्हा रचायचे होते. १९६० साली खोऱ्यातच डोंगरी शर्यत निघाली, तेव्हा हा गडी कामाचे जाड बूट आणि गुडघ्यावर कापलेली विजार घालून तिच्यात उतरला. पायांत गोळे आले, तरी शर्यत पुरी केली.

त्यानंतर नेलर थांबले नाहीत. १९७५ साली त्यांनी चोवीस तासांत ७२ शिखरे केली. १९८६ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, या मुलखातली नामांकित २१४ शिखरे सात दिवस आणि दीड तासाच्या आत ओलांडली. साठाव्या वर्षी साठ शिखरे, सत्तराव्या वर्षी सत्तर! इंग्लंडच्या राणीने किताब दिला, तरी हातातली काठी सुटली नाही. २०२४ च्या जूनमध्ये, ८८ व्या वर्षी, ते वारले.

यात नवल कशाचे मानावे? मला वाटते, त्यांनी कामाला कमीपणा मानला नाही याचे. मेंढरामागे रोज चढउतार करणे हीच त्यांची तालीम होती. आपल्याकडे पोराने शेरडे राखली की "शिकला असता तर ही वेळ आली नसती" असे त्याच्या तोंडावर म्हणतात. शाळा हवीच, यात वाद नाही. पण रानात कमावलेले पाय आणि छाती हीसुद्धा कमाईच आहे, हे पोराला कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट वाटांची. २००१ साली इंग्लंडात लाळ्या-खुरकूताची साथ आली. ती आवरायला देशभरात साठ लाखांहून अधिक जनावरे मारली. कंब्रियाला सर्वांत मोठा फटका बसला. डोंगर बंद झाले, शर्यती थांबल्या. लोकांना मोठा धसका होता तो कळपांच्या त्या शिकवणीचा. हद्द जाणणारी मेंढीच गेली, तर नव्या कोकराला डोंगर कोण दाखवणार? पैसे देऊन दुसरी मेंढी आणता येते, पण तिला तुमचा डोंगर ठाऊक नसतो. माणसांचेही तसेच नाही का? वाट जाणणारा म्हातारा गेला आणि पोरगा शहरात राहिला, की दोन पावसाळ्यांत पायवाट झाडोऱ्यात बुजते.

आपल्या सह्याद्रीतही आता हौशी धावणारे येऊ लागले आहेत. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटाने २०१२ पासून डोंगरी शर्यत होते. तुमच्या घरच्या मुलाला वा मुलीला असे धावावेसे वाटले, तर हसू नका. चार गोष्टी मात्र सांगा. चढावर दम लागला तर खुशाल चालावे. तिथले पट्टीचे गडीही चालतात. गुडघा बिघडतो तो उतारावर, म्हणून उतरताना पावले आखूड टाकावीत. पाणी बरोबर घ्यावे, कोणत्या वाटेने जाणार ते घरी सांगावे. ढग उतरला तर मुकाट्याने परत फिरावे. डोंगर उद्याही तिथेच असतो. आणि पाहुणे धावणारे तुमच्या रानातून जाणार असतील, तर त्यांनाही बजावा, की फाटक उघडले तर लावून जा, पिकातून पाऊल टाकू नका, जनावरांना बुजवू नका.

ती वाट आधी कोणाच्या तरी गुराढोरांनी पाडलेली असते. तिच्यावरून धावणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.

बरे, पुढच्या आठवड्यात भेटूच.