मागच्या बांकावरील विद्यार्थी

कॉलेजांत नांव दाखल झालें म्हणजे शिक्षणाची वाट मोकळी झाली, असा समज आपल्या घरांतून फार दृढ आहे. परंतु हजेरीपटावर नांव येणें निराळें आणि शिकविलेल्या विषयांत मन शिरणें निराळें. शिरूर किंवा दौंड येथील कॉलेजचा एखादा वर्ग वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावा. पुढच्या बांकावर डॉक्टरांची कन्या; तिच्या शेजारीं पहाटे गाईची धार काढून एस्. टी.नें आलेली मुलगी. मागें रांजणगांवच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून तडक वर्गांत आलेला तरुण. आणि कोपऱ्यांत एखादा दृष्टिहीन विद्यार्थी. व्याख्यान मात्र सर्वांस एकच, आणि तेंही पुष्कळदां इंग्रजी पुस्तकाच्या भाषेंत. निकालाच्या दिवशीं पहिली हुशार ठरते आणि बाकीचे मठ्ठ ठरतात. हा न्याय योग्य आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्यासारख्या कुटुंबांनीं तर या प्रश्नाचा विचार अगत्यानें केला पाहिजे. आपल्या घरीं पुस्तकांचें कपाट आजोबांच्या वेळेपासूनचें असतें. गणित अडलें तर काका सोडवून देतात, इंग्रजी शब्द अडला तर आत्या अर्थ सांगते, कोणता अर्ज केव्हां भरावा हें थोरल्या चुलतभावास ठाऊक असतें. ही शिकवणी कोणत्याही पावतीवर दिसत नाहीं. म्हणून तिचें फळ आपण मुलाच्या बुद्धीच्या खातीं जमा करितों. ज्याच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच, त्याला काका, आत्या व चुलतभाऊ हे सर्व कॉलेजांतच भेटावयास हवेत. दुसरीकडे ते भेटणार नाहींत.

हें कसें साधावें, याचे दोन धडे याच दोन तालुक्यांत पूर्वीं घालून दिलेले आहेत. ते कॉलेजचे नव्हेत हें खरें. पण तत्त्व तेंच आहे.

दौंड तालुक्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं मुक्तिसदन उभारिलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत सांपडलेल्या शेंकडों मुली व विधवा तेथें आश्रयास आल्या. त्यांत निरक्षर होत्या, प्रौढ होत्या, आंधळ्याही होत्या. त्या पूर्वीं अमेरिकेंत असतां रमाबाईंनीं किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला होता. वस्तु हातीं देऊन शिकवावें हें त्या पद्धतीचें सार. मुक्तिसदनांत आंधळ्या मुली ब्रेल लिपि शिकल्या, कोणी विणकाम शिकल्या, कोणी छापखान्यांत खिळे जुळवूं लागल्या. आणि बाईंनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर तेथेंच छापलें गेलें. त्यांच्या धर्मांतरावरून आपल्या समाजांत कडवट वाद झाले, हें सर्वश्रुत आहे. तथापि त्यांच्या शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाईंशीं १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं विवाह केला, आणि त्याच कर्व्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापून मातृभाषेला उच्च शिक्षणाचें माध्यम केलें. मतभेद कायम ठेवूनही गुण घेतां येतो, याचा हा दाखला होय.

दुसरा धडा शिरूर तालुक्यांतील पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनविभागांतील शास्त्रज्ञ. त्यांनीं १९८३ सालीं त्या कोरडवाहू गांवीं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना तेथें वेल्डिंग व सुतारकाम, शेती व जनावरें, वीज व ऊर्जा, घर व आरोग्य अशीं कामें प्रत्यक्ष करावयास लाविलीं आणि त्या कामांतून शास्त्र शिकविलें. टांकीस किती पत्रा लागेल हें काढतांना क्षेत्रफळ कळतें. फळ्यावर न कळलेलें गणित तेथें हातांतून डोक्यांत जातें. डॉ. कलबाग २००३ सालीं निवर्तले. आश्रमाचें काम चालू आहे.

दोन्ही ठिकाणीं विद्यार्थी पद्धतींत बसला नाहीं, तेव्हां पद्धत बदलली गेली. कॉलेजांतही तें होऊं शकतें. अमेरिकेंत शास्त्र, गणित व इंजिनिअरिंगच्या कॉलेजवर्गांविषयींचे २२५ अभ्यास २०१४ सालीं एकत्र तपासण्यांत आले. नुसतें व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत शेंकडा ३४ च्या सुमारास विद्यार्थी नापास झालेले आढळले. जेथें मध्येंच प्रश्न घालून, आपसांत चर्चा करवून शिकविलें गेलें, तेथें शेंकडा २२. मेरी बड रो या विदुषीनें त्यापूर्वींच शाळांतून दाखवून दिलें होतें कीं, प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबले तर अधिक मुलें उत्तरें देतात. तीन सेकंदांस पैसा लागत नाहीं.

कायद्यानेंही वाट करून दिली आहे. २०१६ च्या दिव्यांगविषयक कायद्यान्वयें सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत शेंकडा पांच जागा राखीव आहेत. परंतु फळ्यावर लिहितां लिहितां तें मोठ्यानें वाचून दाखविणें, अवघड शब्द मराठींत उलगडून सांगणें, टिपणें आधीं देणें, रात्रपाळीच्या मुलाला चुकलेला तास समजून घेण्यास वेळ देणें, हें कायदा करूं शकत नाहीं. तें प्राध्यापकांनींच केलें पाहिजे.

यानें दर्जा घसरेल, अशी शंका वाडवडील काढतील. पण परीक्षा सोपी करा, असें आम्ही म्हणत नाहीं. माडी आहे तेथेंच राहूं द्यावी. जिना मात्र सर्वांस चढतां येईल असा असावा.

आपल्यापैकीं अनेक घरांत कोणी ना कोणी प्राध्यापक आहेत. रात्रीं पंगत बसेल तेव्हां त्यांना इतकेंच विचारावें कीं, मागच्या बांकावरील किती मुलांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत? आणि घरच्या मुलामुलींसही सांगावें कीं, काकांनीं समजावून दिलेलें गणित उद्यां शेजारच्या मुलीलाही समजावून सांगा. जी शिकवणी आपल्याला न मागतां मिळाली, तिचा वांटा पुढें देणें हें आपलें कर्तव्यच नव्हे काय?