कासव तळ्यात सोडू नका!

होस्टेलवर राहणाऱ्या माणसाला शौक लवकर लागतात आणि तितक्याच लवकर सुटतात. फर्स्ट इयरला गिटार, सेकंड इयरला जिम, थर्ड इयरला आणखी काहीतरी! कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या गिटारचं काही बिघडत नाही. पण शौक जिवंत असेल तर? मी बोलतोय कासवाबद्दल. मत्स्यालयाच्या दुकानात काचेच्या भांड्यात ठेवलेली ती हिरवीगार, चिमुकली, कानाजवळ लाल पट्टा असलेली कासवं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ‘काही करावं लागत नाही, पाण्यात ठेवा, दोन दाणे टाका’ असं दुकानदार सांगतो आणि आपण विश्वास ठेवतो.

परीक्षा संपल्यावर आमच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या रूममध्ये असंच एक कासव सापडलं. कॉटखाली टब, टबात चार बोटं घाण पाणी आणि मेसच्या पोळीचे फुगलेले तुकडे. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. पाठ बोटाने दाबली तर किंचित दबत होती. मालक सामान बांधून गावी गेला होता आणि फोन उचलत नव्हता. पाहायला आलेल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला, “जाऊ दे रे, सिद्धेश्वर तलावात सोडून ये. पुण्य लागेल!”

माझा मुद्दा या सल्ल्याबद्दलच आहे. आजारी कासव तळ्यात सोडणं म्हणजे सुटका नव्हे. ती आपली स्वतःची सुटका असते, कासवाची नव्हे.

आधी त्याला झालं काय होतं ते बघू. कासव शीतरक्ताचं, त्याला शरीराची ऊब बाहेरून घ्यावी लागते. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं की कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खोलीतली ट्यूबलाइट इथे उपयोगाची नाही. खिडकीच्या बंद काचेतून येणारं ऊनसुद्धा नाही, कारण हवे असलेले किरण काच अडवते. डोळे सुजतात ते बहुतेक वेळा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने. डोळे मिटले की अन्न दिसत नाही, अन्न दिसत नाही म्हणून खाणं बंद, आणि खाणं बंद म्हणून आजार वाढत जातो. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरातला पॉझिटिव्ह फीडबॅक तो हाच!

आम्ही त्याला पशुवैद्यकांकडे नेलं. ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस त्यांनी स्वतः मोजून दिला, कारण तो जास्त झाला तरी विषारी ठरतो. मेडिकलमधून आणलेली माणसाची गोळी कुटून घालणं हा उपचार नाही, हे त्यांनी बजावलं. बाकी काम मात्र आपल्याच शाखांचं होतं. मोठा टब, पोहता येईल एवढं पाणी, पूर्ण कोरडं होऊन बसता यावं म्हणून विटांचा ओटा, त्यावर बल्ब आणि अतिनील किरणांचा खास दिवा, आणि थर्मामीटर. ओट्यावर साधारण ३० ते ३२ अंश, पाण्यात २५ च्या आसपास. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ, तेही टबाच्या अर्ध्या भागावर सावली धरून. कारण सोलापूरच्या उन्हात दुपारी टब ठेवला तर कासव शिजेल! पोळी बंद. त्याऐवजी पालेभाजी, गांडुळं आणि कासवाचं तयार खाद्य. नवव्या दिवशी एक डोळा उघडला. कवच घट्ट व्हायला मात्र काही महिने लागले. या प्राण्याचा आजार जसा हळूहळू येतो, तसा हळूहळूच जातो.

बरं झाल्यावर पुन्हा तोच प्रश्न. आता तर धडधाकट आहे, मग सोडायला काय हरकत? हरकत आहे. हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. ते ताटाएवढं वाढतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ सालीच त्याची आयात बंद केली. आपल्याकडच्या तळ्यांतल्या देशी कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा ते बळकावतं, सोबत रोगही नेऊ शकतं. केरळात ते ओढ्या-कालव्यांत सापडू लागलं, तेव्हा तिथल्या वनसंशोधन संस्थेला ती गोळा करायची मोहीम घ्यावी लागली. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावून आपण आत जातो. त्याच्याच जिवंत भावंडांच्या घरात पाहुणा घुसवायचा आणि त्याला पुण्य म्हणायचं?

देशी कासवाची गोष्ट वेगळी. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव ‘घरात ठेवलं की लक्ष्मी येते’ म्हणून चोरून विकलं जातं. लक्ष्मी येईल न येईल, वनखातं नक्की येईल! वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान तीन वर्षं आणि दंड किमान २५ हजार रुपये. असं कासव दिसलं तर स्वतः पाळू नका, स्वतः सोडूही नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. २०१८ साली सिंगापूरहून ५१ तारा कासवं कर्नाटकात परत आणली गेली, तीसुद्धा वनखात्याच्या हाती सोपवण्यात आली. कुणी ती पिशवीत घालून माळावर नेऊन ओतली नाहीत.

कुणी म्हणेल, पाण्यासाठी घागरी घेऊन थांबणाऱ्या शहरात कासवाचे कसले लाड? प्रश्न चुकीचा नाही. पण हे कासव इथे स्वतःहून आलेलं नाही. कुणीतरी पैसे मोजून ते आणलं. ज्याची तहान आपण विकत घेतली, त्याला पाणी देणं हे लाड नव्हेत, तो हिशेब आहे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. रूम सोडताना रेक्टर सर पंखा, कॉट, टेबल तपासून सही घेतात. त्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी : ‘रूममध्ये कोणताही पाळीव प्राणी मागे राहिलेला नाही.’ आणि आपण विद्यार्थ्यांनी ठरवावं की चार वर्षांच्या मुक्कामात तीस वर्षांचा जीव विकत घ्यायचा नाही. आधीच घेतला असेल, तर सांभाळणारं घर शोधून मगच गाडी पकडायची.

आमचं कासव सध्या इलेक्ट्रिकल लॅबच्या काकांच्या गच्चीवर, भक्कम जाळी लावलेल्या हौदात आहे. काकांनी घेण्याआधी एकच प्रश्न विचारला होता, “किती वर्षं जगतं हे?” दुकानात उभं असताना हाच प्रश्न आपण विचारला, तर कॉटखाली कुणाला सापडायला काही उरणार नाही.