तांब्याने धरलेला आकार

मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या खाणीतील खनिजात तांबे शेकडा एकाच्या आसपास असते. ते शेवटी तारांत आणि मोटारींच्या वाइंडिंगमध्ये जाते. याच तांब्यात अॅल्युमिनियम आणि मँगनीज बेताने मिसळले, तर मूळ आकार न विसरणारा धातू तयार होतो. जपानच्या तोहोकू विद्यापीठाने त्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. पोलादी सळई मर्यादेपलीकडे ताणली की तशीच राहते. हा धातू ताण सुटताच पूर्ववत होतो आणि त्या जाण्या-येण्यात धक्क्याची बरीच ऊर्जा जिरवतो. १९९७ च्या सप्टेंबरमधील भूकंपात इटलीतल्या असिसीच्या बॅसिलिकेचे छत कोसळले, तेव्हा डागडुजीत याच जातीच्या, पण निकेल-टायटॅनियमच्या जोडण्या वापरल्या गेल्या. त्याच वर्षी २२ मे रोजी मलाजखंडच्या उत्तरेला जबलपूर हादरले होते. तिथे डागडुजी झाली ती विटा-सिमेंटची.

मध्य भारताला ही चैन कशाला, असे विचारले जाईल. खाणीच्या सुरुंगांची सवय असलेल्या गावाला तर हा प्रश्न सुचणारच. पण सुरुंगाचा हादरा क्षणात विरतो, भूकंपाची संथ हेलकावणी इमारतीला मुळापासून झुलवते. आणि धोका कमी मानला म्हणून निश्चिंत राहता येत नाही: मराठवाड्यातली किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या पहाटेपर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणली जात होती. तिथे हजारो माणसे मेली ती दगड-मातीच्या जड भिंतींखाली, आणि अशा घरांना आधी काँक्रीटचे आडवे पट्टे हवेत, हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. मात्र तो रुग्णालयाला लागू पडत नाही. मोठ्या भूकंपात इमारतीला तडे गेले तरी चालतील, ती कोसळू नये, एवढीच आपल्या बांधकाम नियमांची सर्वसाधारण अपेक्षा असते. घराला हे पुरते. तडे गेलेल्या शस्त्रक्रियागृहात, प्राणवायूची नळी तुटलेल्या वॉर्डात जखमींना घ्यायचे कसे? त्याचे उत्तर आपल्याकडेच आहे: पुनर्वसित किल्लारीत एक शाळा आणि एक दुकानसंकुल रबरी आधारांवर उभारले गेले, २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत भुजच्या रुग्णालयालाही तसेच आधार मिळाले. ही उदाहरणे प्रदर्शनातल्या नमुन्यांसारखी मोजकीच राहिली, हे धोरणाचे अपयश आहे.

रबरी आधार पायाखाली काम करतात आणि भुसभुशीत जमिनीवर त्यांचा उपयोग घटतो. उभ्या असलेल्या जुन्या इमारतीखाली ते घालणेही अवघड. तिथे सांध्यांत बसवायच्या, आकार न विसरणाऱ्या धातूच्या सळयांची गरज लागते. निकेल-टायटॅनियम महाग आहे आणि यंत्रावर कापायला चिवट. तांब्याचा मिश्रधातू स्वस्त आणि घडवायला सोपा आहे. त्याची अडचण वेगळी: धातूचे कण मोठे असल्याखेरीज लवचिकता उतरत नाही, म्हणून जाड सळया करणे कठीण जाते. पुन्हा पुन्हा तापवून-निववून कण वाढवण्याची रीत जपान्यांनी शोधली आहे. तेव्हा भूकंपप्रवण जिल्ह्यांतील नव्या सरकारी रुग्णालयांना रबरी आधार सक्तीचे करावेत, त्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि मलाजखंडच्या तांब्यापासून अशा सळया ओतून, त्या बसवलेला दुमजली सांगाडा रुरकीच्या आयआयटीतील, भूकंपासारखे हादरे देणाऱ्या कंपनमंचावर हलवून पाहावा. त्याचा खर्च खाणीच्या महसुलातून करता येईल.