नळ्या उलट्या करून बघा हो!

काही गोष्टी डोक्यात जातात. सध्या माझ्या यादीत पहिला नंबर आहे जुन्या जर्मन शिकारी बंदुका विकणाऱ्यांच्या जाहिरातींचा. थाट साधारण असा : "दुर्मिळ क्रुप ड्रिलिंग, अंदाजे १८७०, उमराव घराण्यातली." सोबत पंधरा-वीस फोटो. कोरलेल्या हरणाचे पाच, दस्त्याचे चार, मखमलीवर ठेवलेल्या बंदुकीचे बाकीचे. आणि बंदुकीची जन्मपत्रिका जिथे छापलेली असते, त्या नळ्यांच्या खालच्या बाजूचा फोटो? एकही नाही.

आधी खुलासा. मी बंदूक चालवत नाही, बाळगत नाही, शिकारीची हौसही नाही. ऑनसाइटच्या कृपेने जर्मनीत आहे, आणि थुरिंगियातल्या झूल नावाच्या गावी (बैलाची नव्हे, उच्चार तसाच आहे!) तिथल्या शस्त्र-संग्रहालयात एक शनिवार घालवल्यापासून हा किडा चावलाय.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जर्मन शिकाऱ्याला एकाच फेरीत ससा, पक्षी, हरीण, रानडुक्कर काहीही भेटू शकतं. म्हणून त्यांनी छर्र्यांची नळी आणि गोळीची नळी एकाच बंदुकीत बसवली. दोन नळ्या शेजारी-शेजारी असतील तर ब्यूक्सफ्लिंटे, तीन नळ्या म्हणजे ड्रिलिंग, चार म्हणजे फियरलिंग. ड्रिलिंगमध्ये बहुतेक वेळा वर छर्र्यांच्या दोन नळ्या आणि त्यांच्या खाली रायफलची एक.

आता त्या जाहिरातीची चिरफाड करू.

"क्रुप." नळीवर 'क्रुप' लिहिलंय म्हणून बंदूक क्रुपची? अहो, ते पोलादाचं नाव आहे. क्रुपने एसेनमध्ये पोलाद बनवलं, त्याची नळी दुसऱ्याच कोणीतरी केली. 'बोलर' किंवा 'विटेन' दिसलं तरी तेच. पातेल्यावर 'स्टेनलेस स्टील' लिहिलंय म्हणून ती कंपनी समजण्यातला प्रकार. आणि नळ्यांच्या मधल्या पट्टीवर सोन्याच्या अक्षरात कोरलेलं नाव? तेही पुष्कळदा दुकानदाराचं. झूलमध्ये नळी करणारा वेगळा, खटक्याचं काम करणारा वेगळा, लाकूडवाला वेगळा, नक्षीवाला वेगळा. तयार माल दुसऱ्या शहरातल्या दुकानात जायचा आणि वर नाव दुकानाचं. हिंजवडीत लिहिलेल्या कोडवर क्लायंटचा लोगो लागतो, तेव्हा आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

"अंदाजे १८७०." कशावरून? तर म्हणे बाहेर हॅमर दिसतात. बाहेर हॅमर असलेल्या बंदुका विसाव्या शतकातही बनत होत्या. आणि त्याच बंदुकीवर कुठेतरी बारीक 'डी.आर.जी.एम.' असेल तर विषयच संपला. ती नोंदणी १८९१ च्या कायद्याने सुरू झाली. 'डी.आर.पी.' म्हणजे जर्मन पेटंट, ते १८७७ पासून. 'मेड इन जर्मनी' ही १८८७ च्या ब्रिटिश कायद्याची देणगी. 'त्सेला-मेलिस' असं जोडनाव असेल तर १९१९ नंतरची, कारण ती दोन गावं त्या वर्षी एक झाली. हे सगळे 'याच्या आधीची नाही' असं सांगणारे पुरावे. यांना बुद्धी लागत नाही, फक्त वाचायचे कष्ट लागतात.

खरा खजिना मात्र खालीच. जर्मनीत १८९१ मध्ये बंदुकांच्या सक्तीच्या चाचणीचा कायदा झाला आणि १ एप्रिल १८९३ पासून लागू झाला. नळ्या काढून उलट्या करा, काडतूस बसतं त्या टोकाजवळ बघा. मुकुटाखाली 'बी' म्हणजे चाचणी झाली, 'यू' म्हणजे नंतर तपासणी झाली. 'जी' म्हणजे आतून चर पाडलेली, अर्थात रायफलची नळी. 'एस' म्हणजे छर्र्यांची. 'डब्ल्यू' म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेली. मुकुटाखाली 'व्ही' दिसला तर कायदा लागू होताना ती आधीच दुकानात पडून होती.

त्याच्या शेजारी '११८,३५' असा विचित्र आकडा सापडेल. विक्रेते त्याला बिनधास्त मॉडेल नंबर म्हणून खपवतात. तो नळीचा व्यास आहे. एक पौंड शिशाच्या ११८.३५ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक या नळीत बसेल, म्हणजे साधारण ८.६ मिलिमीटर. ही पद्धत १९११-१२ च्या सुमारास गेली आणि मिलिमीटर आले. धूरविरहित दारूच्या चाचणीचा मुकुटाखालचा 'एन' हाही त्याच सुमाराचा. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांतल्या कित्येक बंदुकांवर तर चक्क महिना आणि वर्ष असतं : '३.२७' म्हणजे मार्च १९२७. गरुडाखाली 'एन' असेल तर ती चाचणी १९४० किंवा त्यानंतरची. टाइमस्टँप यापेक्षा स्पष्ट काय असणार?

तरी लोकांना गोष्टच हवी. सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे "ही जर्मन विमानदलाची." विमानदलासाठी ड्रिलिंग बनली हे खरंच आहे. झावर कंपनीने १९४१-४२ मध्ये सुमारे अडीच हजार बनवल्या, १२ बोअरच्या, खाली ९.३ मिलिमीटरची रायफल. मग १९२७ चा ठसा असलेली १६ बोअरची ड्रिलिंग वैमानिकाची कशी होईल? पण 'आजोबांनी युद्धातून आणली' हे एकदा चिकटलं की तारीख कोण बघतो. (आजोबांनी आणली असेलही. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य झूलमध्ये पोचलं होतं. पण आणली कधी आणि बनली कधी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत ना?)

"एवढं काय, हौस आहे लोकांची," असं म्हणणाऱ्यांसाठी खास. हा नुसता तारखांचा खेळ नाही. जुन्या छर्र्यांच्या नळ्यांत काडतुसाची जागा बहुधा ६५ मिलिमीटर लांबीची असते, आजची काडतुसं सर्रास ७० ची. ती आत बसतातही! कारण ती लांबी उडाल्यानंतरची असते. मग ती उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. '८ बाय ५७' नावाखाली दोन व्यासांच्या गोळ्या आहेत, फरक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाचा. जाड गोळी बारीक नळीत गेली तर धोका कोणाच्या चेहऱ्याला? खोटी तारीख लिहून विकणारा तेव्हा शेजारी उभा नसतो. म्हणून ठसे वाचले तरी जाणकार कारागिराने आतली मापं घेतल्याशिवाय अशी बंदूक उडवू नये.

दुसरा गुन्हा 'नव्यासारखी करून' विकणाऱ्यांचा. नळ्या घासून, चकचकीत करून, वर ताजा निळा रंग. त्यात ठसे अर्धे पुसट, अर्धे गायब. प्रॉडक्शन सर्व्हरचे लॉग उडवून 'बघा, किती स्वच्छ दिसतोय' म्हणणाऱ्याला आपण प्रमोशन देतो का?

यावर एक रास्त आक्षेप आहे : ठसेही फसवतात. नळ्या बदललेल्या असतात, जुन्या बंदुकीची नंतर पुन्हा चाचणी झालेली असते. मान्य. ठसा चाचणीची तारीख सांगतो, बंदुकीची नाही. पण म्हणूनच सगळे ठसे एकत्र वाचायचे आणि एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. ठसे कधीकधी चुकवतात म्हणून थेट दंतकथेवर विश्वास ठेवायचा, हा कुठला न्याय? आणि नावाला किंमत नाही असं मी म्हणतच नाही. फक्त नावाचा नंबर पुराव्याच्या नंतर लागतो.

तेव्हा विकणाऱ्यांनो, हरणाचे फोटो कमी करा. आणि घेणाऱ्यांनो, नळ्यांच्या पोटाचा स्पष्ट फोटो मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून काही घेऊ नका.