नेताजींच्या पाणबुडीचं इंजिन



२३ जानेवारी आली की कॉलेजात भाषणं होतात. नेताजी वेश बदलून निसटले, पाणबुडीतून जपानकडे गेले, टाळ्या, चहा, संपलं. ती पाणबुडी कोणती, तिला इंजिन कुठलं, हे सांगणारा वक्ता अजून ऐकायचाय. मेकॅनिकलवालेसुद्धा सांगत नाहीत राव! वकिलीच्या कॉलेजात हे चाललं असतं. आपल्याकडे चालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती होती जर्मनीची यू-१८०. फेब्रुवारी १९४३ मध्ये कील बंदरातून निघाली. नेताजींसोबत एकच भारतीय सहकारी, आबिद हसन. हे हैदराबादचे, म्हणजे आपलं नांदेड-लातूर तेव्हा ज्या निजामी राज्यात होतं तिथलेच. आणि जर्मनीला गेले होते ते इंजिनिअरिंग शिकायला! 'जय हिंद' ही घोषणा त्यांनीच सुचवली असं मानतात. त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे, ते आज मेसमध्ये विचारून बघा.

आता इंजिन. वेगाच्या हव्यासापोटी या लांब पल्ल्याच्या बोटीत मर्सिडीज-बेंझची सहा हाय-स्पीड डिझेल इंजिनं बसवली होती. प्रत्येकी १५०० हॉर्सपॉवर, प्रत्येकी वीस सिलिंडर. म्हणजे एकूण १२० सिलिंडर, मेंटेनन्सवाल्याचं काय होत असेल विचार करा. ही इंजिनं मुळात छोट्या, चपळ टॉर्पेडो बोटींची. त्यांचं काम तासांचं, इथे प्रवास महिन्यांचा. वेग वीस नॉटच्या वर, कागदावर एकदम झकास. प्रत्यक्षात इंजिनं तापायची आणि धूर एवढा, की लपून राहायचं काम असलेली बोट वीटभट्टीसारखी दुरून दिसावी. अशा बोटीतून आपले नेताजी आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करजवळ पोचले. एप्रिलअखेर खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून ते जपानी आय-२९ वर चढले.

पुढे जर्मनांनी ती सहाही इंजिनं काढून टाकली. दोन साधी डिझेल बसवली, एकूण २८०० हॉर्सपॉवर. टॉर्पेडो नळ्याही काढल्या आणि तिची मालवाहू पाणबुडी केली, क्षमता २५२ टन. (एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात दहा वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर, म्हणजे ५०० टन पाणी होतं. त्याच्या निम्मा माल समजा.) ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ती ५६ जणांसह बुडाली. तिची जुळी बहीण यू-१९५, तसाच बदल केलेली, माल घेऊन जावापर्यंत पोचली.

कुणी म्हणेल, देशभक्तीत हॉर्सपॉवर कशाला? अहो, त्या माणसाचा जीव त्या तापणाऱ्या इंजिनांवर टांगलेला होता! आणि आपण आज काय करतो? फायनल इयरचं प्रोजेक्ट घेतलं की कॅटलॉगमधली सगळ्यात दांडगी मोटर निवडतो. ती दिवसात किती तास चालणार, गार कशी होणार, बिघडली तर हात घालायला जागा आहे का, हे व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं की छताकडे बघतो.

तेव्हा येत्या २३ जानेवारीला भाषणांतली दोन कमी करा. त्या वेळात मेकॅनिकलच्या एका पोराने फळ्यावर यू-१८०ची इंजिन रूम काढून दाखवावी. वर्कशॉपच्या सरांना आत्ताच विचारून ठेवलं तर खडू आणि फळा दोन्ही मिळेल.