दत्तक, पण परत जाण्यासाठी

गेल्या वर्षी माझी पासष्टी झाली तेव्हा लंडनच्या भाचीने मला एक बाळ दिलं. मोबाइलवर प्रमाणपत्र आलं: वर बोर्निओतल्या एका अनाथ ओरांगउटानाचा फोटो, खाली माझं नाव. ‘आत्या, वर्षभर तू याची आई.’ शेजारच्या काकूंनी फोटो निरखून पाहिला. आमचं कोळगाव म्हणजे आता पालघर जिल्ह्याचं मुख्यालय, कलेक्टर कचेरी गावातच. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न, ‘नोंद केलीस का गं? उद्या सातबाऱ्यावर हक्क सांगेल हो!’

हसले, पण प्रश्न डोक्यात राहिला. आपल्याकडे दत्तक म्हणजे नाव, वारसा, शेवटचं पाणी पाजणारं कुणीतरी. माझ्या बाळाला असे कितीतरी आईबाप, आणि पैसे त्याच्या एकट्याच्या नव्हे तर अशी अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्या सगळ्या केंद्राच्या खर्चाला. कागदावर हे लिहिलं होतं, पण मुंगीच्या अक्षरात. ते ठळक छापलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

कारण काम खरं आहे. ओरांगउटानाचं पिल्लू सात-आठ वर्षं आईजवळ राहतं. कुठलं फळ खायचं, रोज संध्याकाळी फांद्या मोडून झोपायला घरटं कसं बांधायचं, सगळं तीच शिकवते. जंगल तोडताना किंवा पिल्लू विकण्यासाठी तिला मारलं की हे शिक्षण तिथेच संपतं. मग केंद्रातली माणसं त्याला झाडाखाली नेऊन वर चढायला लावतात. चाळीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवल्यामुळे मला ही शाळा फार आपली वाटते. पोर पुढच्या इयत्तेत गेलं की मास्तरांचं काम झालं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही दत्तक योजना आहे. तिचे जाहीर झालेले वर्षाचे दर वाघाला ३ लाख १० हजार, बिबट्याला १ लाख २० हजार असे होते. तेही पुण्याचंच काम. पण तिथला बिबट्या बहुधा जन्मभर पिंजऱ्यात राहणार आणि पालकाच्या नावाची पाटी पिंजऱ्यावर. मला ती पाटी खटकते. जुन्नरकडे उसात सापडलेले बछडे वनखात्याची आणि माणिकडोह केंद्राची माणसं त्याच शेतात ठेवतात, रात्री मादी येऊन त्यांना उचलून नेते. अनाथ म्हणून पदरात घ्यायच्या आधी आई आहे का, हे बघणारी ही माणसं मला जास्त मोठी वाटतात. त्यांच्या कामाला पाटी कुठे लावणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की दत्तक द्यायचंच तर आपल्याकडे कासव द्या. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर जखमी कासवं लागतात, कुणाचा पाय जाळ्याने कापलेला, कुणी बुडीच मारू न शकणारं. डहाणूत वनखात्याच्या केंद्रात त्यांच्यावर उपचार होतात. अडकलेला जीव सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला सरकार २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. सातपाटीच्या, चिंचणीच्या चौथीच्या वर्गाने आठवड्याला रुपया-रुपया काढून एक कासव घ्यावं, आणि बरं झालं की किनाऱ्यावर उभं राहून त्याला जाताना बघावं. रडतील पोरं. रडू द्या.

बोर्निओचं बाळ मात्र नुसत्या दत्तकाच्या पैशांनी सुटत नाही, कारण तिथलं पुष्कळ जंगल गेलं ते पामतेलाच्या मळ्यांत. जगात सर्वांत जास्त पामतेल आपला देश बाहेरून आणतो. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ मिळाला: रवा, चणाडाळ, साखर किलो-किलो आणि पामतेल एक लिटर. आमच्या पाड्यावरच्या बाईला ‘ते तेल घेऊ नकोस’ म्हणायची माझी हिंमत नाही. तेवढ्याच जमिनीत दुसरी कुठली तेलबी इतकं तेल देतही नाही. पण बिस्किटांपासून साबणापर्यंत तेच तेल विकणाऱ्या कंपन्यांना ‘हे तेल कुठल्या जमिनीवरचं?’ असं विचारायला काय हरकत आहे? प्रमाणपत्र पाठवणाऱ्यांनी हा प्रश्नही सोबत पाठवायला हवा होता.

परवा भाचीचा फोन आला. वर्ष संपलं, पुढचे पैसे भरू का? मी म्हटलं, भर. पण आधी त्यांना विचार, पोरगं घरटं बांधायला शिकलं का?